बाजारवार्तेचा तक्ता : संगणकाद्वारें भाव कसे मागवावे व कसे मांडावे

शेतमाल पिकविणें जितकें कठीण आहे, तितकेंच तो योग्य वेळीं व योग्य ठिकाणीं विकणें कठीण आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. बी, खत, पाणी, कीड ह्यांविषयीं शेतकरी आतां पुष्कळ चौकस झाला आहे. विक्रीच्या प्रसंगीं मात्र असें दिसतें कीं, सहा महिने डोळ्यांत तेल घालून जपलेला माल तो एका ऐकीव शब्दावर गाडींत भरतो. अमक्या बाजारीं कांदा अडीच हजारांवर गेला, अशी एक ओळ भ्रमणध्वनीवर येते, गांवभर फिरते, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे दहा गाड्या त्या वाटेस लागतात. तो भाव कोणत्या प्रतीच्या मालास मिळाला, किती मालास मिळाला, कोणत्या तारखेस मिळाला, ह्याची विचारपूस करण्यास कोणास सवड नसते. तोटा होतो तो ह्या तीन प्रश्नांतच होतो.

खळ्यावरील रास उफणल्यावांचून आपण कणगींत भरीत नाहीं. वार्तेचेंही तसेंच आहे. ती उफणून, निवडून, तारीखवार मांडून ठेविली तर उपयोगी. नाहीं तर भुसा व दाणा एकत्रच पदरीं पडतो. हें काम आज संगणकाच्या साह्यानें कोणाही साक्षर शेतकऱ्यास घरबसल्या करतां येण्यासारखें आहे. तें कसें करावें, त्यांत कोठें फसगत होते व तयार झालेला तक्ता कसा वाचावा, हें सांगण्याचें आम्हीं ह्या लेखांत योजिलें आहे.

१. वार्ता पूर्वीं व आतां

बाजारवार्ता ज्याच्या हातीं आधीं, त्याचा सौदा चांगला, हा नियम जुनाच आहे. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला; १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य बाजारांसाठीं कायदा झाला; १९२७ सालीं मुंबई इलाख्यांत कापूस बाजारांचा कायदा झाला. उघड सौदा व खरें वजन शेतकऱ्यास मिळावें, हा ह्या सर्वांचा हेतु होता. परंतु भावाची बातमी ही निराळी वस्तु आहे. १८७० सालीं मुंबई समुद्राखालील तारेनें विलायतेशीं जोडली गेली व लिव्हरपूलचा भाव मुंबईच्या पेढ्यांवर झपाट्यानें येऊं लागला. खेड्यांतील कापूसवाल्यास मात्र तो ऐकण्यासाठीं दलालाच्या तोंडाकडेच पहावें लागे.

आज स्थिति पालटली आहे. केंद्र सरकारच्या विपणन व निरीक्षण संचालनालयानें २००० सालीं 'अ‍ॅगमार्कनेट' ही व्यवस्था सुरू केली व बाजार समित्यांचे भाव एका ठिकाणीं जमूं लागले. २०१२ सालीं सरकारनें आपल्याजवळील माहिती जनतेस खुली करण्याचें धोरण जाहीर केलें व त्याच सालीं 'डेटा डॉट गव्ह डॉट इन' हें संकेतस्थळ उघडलें. देशांतील बाजारांचे रोजचे भाव त्यावर कोणासही विनामूल्य घेतां येतात. आपल्या राज्याचें कृषि पणन मंडळही रोजचे भाव व आवक प्रसिद्ध करीत असतें. सारांश, वार्ता दूर राहिली नाहीं; ती मागण्याची व मांडण्याची रीत तेवढी शिकावयाची राहिली आहे.

२. 'एपीआय' म्हणजे काय

संकेतस्थळाचें पान हें मनुष्याच्या डोळ्यांसाठीं असतें. त्यावर रंग, चित्रें, शीर्षकें असतात. त्यांतून पन्नास बाजारांचे भाव रोज हातानें उतरून घेणें म्हणजे वेळेचा नाश व चुकांना आमंत्रण. म्हणून पुष्कळ संस्था डोळ्यांसाठींच्या पानाशिवाय दुसरी एक खिडकी उघडी ठेवतात. तिच्यांतून एक संगणक दुसऱ्या संगणकाकडे ठरीव नमुन्यांत मागणी करतो, आणि उत्तर म्हणून नुसती माहिती, कसलीही सजावट नसलेली, परत येते. ह्या खिडकीस व तिच्या नियमांस मिळून 'एपीआय' असें म्हणतात.

सात-बाराचा उतारा मागण्याचें उदाहरण घ्यावें. कचेरींतील दप्तर आपण स्वतः उघडीत नाहीं. गांवाचें नांव, गट नंबर व अर्जदाराचें नांव लिहून अर्ज देतों आणि उतारा हातीं येतो. अर्जांत गट नंबर चुकला तर दुसऱ्याचा उतारा येईल किंवा अर्जच परत येईल. कारकून आपल्या मनांतील ओळखून उतारा देणार नाहीं. एपीआयचें तंतोतंत असेंच आहे. जें लिहिलें त्याचेंच उत्तर मिळतें.

३. मागणी कशी लिहावी

बाजारभावाच्या सरकारी संग्रहाकडे करावयाच्या मागणीचे पांच भाग असतात.

पहिला भाग पत्त्याचा. त्या संकेतस्थळावर हजारों संग्रह आहेत व प्रत्येकास छत्तीस चिन्हांचा स्वतंत्र क्रमांक आहे. चालू दिवसाच्या बाजारभावांच्या संग्रहाचा क्रमांक त्याच्या पानावरून जसाच्या तसा उचलून घ्यावा. हातानें लिहूं नये.

दुसरा भाग किल्लीचा. संकेतस्थळावर नांव नोंदविलें म्हणजे प्रत्येकास स्वतःची किल्ली, म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ, मिळते. ती कोणास देऊं नये व सर्वांस दिसेल अशा ठिकाणीं लिहूं नये. तिच्यावर होणारी प्रत्येक मागणी आपल्या नांवावर पडते. नुसतें करून पाहणाऱ्यांसाठीं एक नमुन्याची किल्लीही ठेविलेली आहे. तिचा दोष पुढें सांगूं.

तिसरा भाग उत्तराच्या स्वरूपाचा. 'जेसन', 'एक्सएमएल' व 'सीएसव्ही' असे तीन प्रकार मागतां येतात. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनीं रकाने पाडलेल्या साध्या ओळी. ती हिशेबाच्या पत्रकांत सरळ उघडते. जेसनमध्यें प्रत्येक आंकड्यापुढें त्याच्या रकान्याचें नांव लिहिलेलें असतें व मागणीविषयींची इतर माहितीही सोबत येते. म्हणून ताळा पाहण्यास तें अधिक सोयीचें.

चौथा भाग किती ओळी व कोठून, ह्याचा. एका वेळीं किती ओळी पाहिजेत आणि आरंभींच्या किती सोडावयाच्या, हे दोन आंकडे द्यावयाचे असतात.

पांचवा भाग चाळणीचा. राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल ह्यांपैकीं जें पाहिजे तेवढेंच मागण्यासाठीं ही चाळणी लावतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, नांवें रोमन लिपींत व संग्रहांत जशीं लिहिलेलीं आहेत तशींच लिहावीं लागतात. एक अक्षर इकडचें तिकडे झालें तर उत्तर रिकामें येतें, आणि अजाण मनुष्य समजतो कीं आज बाजारच भरला नाहीं.

४. उत्तराचा तक्ता कसा होतो

जेसन स्वरूपांतील उत्तराचे दोन थर असतात. वरच्या थरांत मागणीविषयींची माहिती असते : एकूण ओळी किती उपलब्ध आहेत, ह्या वेळीं किती दिल्या, किती सोडल्या. आंतल्या थरांत प्रत्यक्ष नोंदी असतात. आपणांस तक्ता करावयाचा तो आंतल्या थराचा. वरचा थर मात्र टाकून द्यावयाचा नाहीं. ती पावती आहे.

नोंदीचे दहा रकाने असतात : राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, प्रत, आवकेची तारीख, किमान भाव, कमाल भाव व सर्वसाधारण भाव. भाव दर क्विंटलास रुपयांत, म्हणजे शंभर किलोस असतात. तक्त्याचा मूळ नियम एकच आहे : एका ओळींत एकच नोंद, एका रकान्यांत एकाच जातीची माहिती. खालील कोष्टकांतील आंकडे केवळ उदाहरणासाठीं घेतलेले आहेत.

| तारीख | बाजार | शेतमाल | जात | किमान | कमाल | सर्वसाधारण |
|---|---|---|---|---|---|---|
| ५ नोव्हेंबर | अ | कांदा | लाल | ५०० | २,६०० | १,७०० |
| ५ नोव्हेंबर | अ | कांदा | उन्हाळ | ९०० | २,४०० | १,९०० |
| ५ नोव्हेंबर | ब | कांदा | लाल | ८०० | २,१०० | १,६५० |

ज्यांस एक्सेलची संवय आहे त्यांनीं 'डेटा' ह्या सदराखालीं संकेतस्थळावरून माहिती घेण्याची जी सोय आहे तिच्यांत मागणीचा संपूर्ण पत्ता घालावा. प्रथम वरचा थर दिसतो. त्यांतील 'रेकॉर्ड्स' ही यादी उघडावी, तिचा तक्ता करावा व रकाने उलगडावे. एकदां ही योजना बसविली म्हणजे पुढें रोज 'रिफ्रेश' केल्यानें नवी माहिती येते.

घरांतील मुलगा किंवा मुलगी संगणकाचा अभ्यास करीत असेल, तर 'पायथन' भाषेंत हेंच काम चार ओळींत होतें. 'रिक्वेस्ट्स' ह्या साधनानें मागणी पाठवावयाची, उत्तर जेसन म्हणून वाचावयाचें, त्यांतील नोंदींची यादी काढावयाची व ती 'पांडाज' ह्या साधनाच्या 'डेटाफ्रेम'मध्यें, म्हणजे तक्त्यांत, भरावयाची. रोजचा तक्ता त्या दिवसाच्या तारखेनें निराळा जपून ठेवण्याची आज्ञा शेवटीं लिहावी. ह्या शेवटच्या आज्ञेचें महत्त्व फार आहे. चालू दिवसाच्या भावांचा संग्रह रोज बदलतो. आजचा तक्ता आज ठेवला नाहीं, तर तो उद्यां त्याच खिडकींत मिळेल असें धरून चालूं नये.

५. मागवितांना घ्यावयाची खबरदारी

पहिली खबरदारी पुरेपणाची. वर नमुन्याच्या किल्लीचा उल्लेख आला आहे. त्या किल्लीवर एका वेळीं दहाच ओळी मिळतात. उत्तर नीट येतें, तक्ता सुरेख दिसतो, चूक म्हणून कांहीं येत नाहीं. पण देशांतील हजारों नोंदींपैकीं दहाच नोंदी त्यांत असतात. त्यांवरून 'आज सर्वांत जास्त भाव अमक्या बाजारीं' असें जो ठरवील तो फसेल. म्हणून पावतीवरील 'एकूण' हा आंकडा व आपल्या तक्त्यांतील ओळींची संख्या रोज ताडून पहावी.

स्वतःची किल्ली असली तरी सर्व ओळी एका मागणींत घेणें नेहमीं साधत नाहीं. समजा, एकूण २,३५० ओळी आहेत व आपण एका वेळीं १,००० मागतों. तर पहिली मागणी शून्य ओळी सोडून, दुसरी १,००० सोडून व तिसरी २,००० सोडून करावी; अनुक्रमें १,०००, १,००० व ३५० ओळी येतील. तिन्ही एकाखालीं एक जोडून बेरीज २,३५० झाली म्हणजे माप पुरें झालें. बाजार समित्यांकडून नोंदी दिवसभर येत असल्यामुळें आपल्या दोन मागण्यांच्या मध्यें नव्या ओळी घुसण्याचा संभव असतो. मग एखादी ओळ दोनदां येते किंवा सुटते. ह्यासाठीं मागणी रात्रीं, नोंदींची गर्दी ओसरल्यावर, करावी.

दुसरी खबरदारी उत्तराच्या खुणेची. प्रत्येक उत्तराबरोबर एक क्रमांक येतो. २०० म्हणजे मागणी मान्य. ४०१ किंवा ४०३ म्हणजे किल्ली नामंजूर. ४२९ म्हणजे फार थोड्या वेळांत फार मागण्या केल्या. थांबून पुन्हां करावी. ५०० व त्यापुढील क्रमांक म्हणजे दोष पलीकडच्या यंत्राचा. हा क्रमांक न पाहतां आलेलें उत्तर सरळ तक्त्यांत ओतलें, तर एखादे दिवशीं तक्ता रिकामा निघतो. माहिती न येणें व माल न येणें ह्या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत.

६. तक्ता उफणावा कसा

माहिती आली तरी ती लगेच हिशेबास घेऊं नये. चार ठिकाणीं खडे असतात.

तारीख. संग्रहांत दिवस, महिना, वर्ष असा क्रम असतो. पुष्कळ संगणक अमेरिकी पद्धतीवर, म्हणजे महिना आधीं, लाविलेले असतात. मग ०५/११/२०२४ ही ५ नोव्हेंबरची नोंद ११ मेच्या खात्यांत जाते, आणि २५/११/२०२४ ही तारीखच न समजल्यामुळें नुसतीं अक्षरें म्हणून पडून राहते. म्हणजे महिन्यांतील पहिले बारा दिवस चुकीच्या महिन्यांत व उरलेले कोठेंच नाहींत! तक्ता करतांना 'दिवस प्रथम' ही सूचना संगणकास स्पष्ट द्यावी.

नांवें. औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचें धाराशिव व अहमदनगरचें अहिल्यानगर झालें आहे. अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या कीं जुनें व नवें नांव दोन निराळे जिल्हे म्हणून उभे राहतात. शिवाय मुख्य बाजार व त्याचे उपबाजार निराळ्या नांवांनीं येतात. लासलगांवबरोबर निफाड व विंचूर येथील आवारांच्या नोंदी स्वतंत्र असतात. म्हणून जुन्या-नव्या नांवांची जोडयादी एकदां करून ठेवावी व उपबाजार मुख्य बाजारांत मिसळूं नयेत.

रिकामी जागा. रविवारीं, सणास किंवा संपाच्या दिवशीं बाजार बंद असतो व नोंद येत नाहीं. ती जागा रिकामीच ठेवावी. तेथें शून्य मांडूं नये. समजा, सहा दिवसांपैकीं पांच दिवसांचे भाव १,५००, १,५४०, १,५२०, १,५६० व १,५३० आहेत व एक दिवस बाजार बंद होता. पांच दिवसांची सरासरी १,५३० येते. बंद दिवसास शून्य धरून सहांनीं भागलें तर १,२७५ येते. शून्याच्या एका टिंबानें क्विंटलमागें २५५ रुपयांचा फरक पडला.

पुनरुक्ति. तारीख, बाजार, शेतमाल, जात व प्रत हे पांचही रकाने ज्यांचे सारखे आहेत अशा दोन ओळी आढळल्या तर एक तपासून काढावी. केवळ बाजार व तारीख सारखी म्हणून काढूं नये. लाल व उन्हाळ ह्या दोन जातींच्या ओळी एकाच बाजारांतून योग्यच रीतीनें येतात.

७. तक्ता वाचावा कसा

तीन भावांपैकीं लोकांच्या तोंडीं जातो तो कमाल भाव. तो एखाद्याच निवडक ढिगास मिळालेला असूं शकतो. वरील कोष्टकांत अ बाजाराचा लाल कांद्याचा कमाल भाव २,६०० आहे, पण सर्वसाधारण १,७०० आहे. गांवांत बातमी येईल ती २,६०० ची. सर्वसाधारण भाव म्हणजे किमान व कमाल ह्यांचा मध्य नव्हे. ज्या भावानें त्या दिवशीं बहुतेक माल गेला तो भाव होय. मध्यम प्रतीचा माल असलेल्यानें हाच रकाना पहावा. किमान व कमाल ह्यांतील अंतर फार असेल तर त्या बाजारीं प्रतवारीस मोल आहे असें समजावें. घरीं निवड करून जाणाऱ्यास तेथें फायदा होण्याचा संभव अधिक.

दुसरें, अनेक बाजारांची सरासरी काढतांना आवकेकडे दुर्लक्ष करूं नये. एका बाजारीं २०,००० क्विंटल माल १,५०० नें गेला व दुसऱ्यांत २०० क्विंटल माल २,१०० नें गेला. दोन भावांची साधी सरासरी १,८०० होते. मालाच्या वजनाप्रमाणें सरासरी काढली तर ती सुमारें १,५०६ येते. खरा बाजार १,५०६ चा आहे. वर सांगितलेल्या संग्रहांत आवकेचा रकाना नाहीं. तो आंकडा अ‍ॅगमार्कनेट किंवा पणन मंडळाच्या प्रसिद्ध पत्रकांवरून घेऊन तारीख व बाजार जुळवून आपल्या तक्त्यास जोडावा.

तिसरें, तक्त्यांतील भाव हा बाजारांतील भाव आहे, पदरांत पडणारा नव्हे. समजा, जवळच्या बाजारीं १,६०० भाव असून तेथवर नेण्याचा खर्च क्विंटलमागें ४० आहे. हातीं १,५६० राहिले. दूरच्या बाजारीं १,७५० भाव असून वाहतूक १९० आहे व वाटेंत शेंकडा दोन घट, म्हणजे ३५ रुपये, जाते. हातीं १,५२५ राहिले. दीडशें रुपयांच्या मोहानें पस्तीस रुपये गमावले. म्हणून तक्त्यास आपल्या खर्चाचा एक रकाना स्वतः जोडावा. हा रकाना कोणतेंही सरकार देऊं शकत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच भरावयाचा आहे.

८. बातम्यांचा तक्ता

भावाच्या आंकड्यांबरोबर घटनांचाही एक तक्ता असावा. वृत्तपत्रांतील मथळे ह्याच रीतीनें मागवितां येतात. 'द गार्डियन' व 'द न्यूयॉर्क टाइम्स' ह्या परदेशी पत्रांनीं आपल्या लेखांच्या याद्यांसाठीं अशा खिडक्या उघडलेल्या आहेत. 'गडेल्ट' हा प्रकल्प जगांतील अनेक भाषांतील बातम्यांची नोंद ठेवतो. शब्द, तारखांची मर्यादा व किल्ली देऊन मागणी केली कीं मथळा, प्रसिद्धीची वेळ, पत्राचें नांव व दुवा अशा रकान्यांचा तक्ता होतो.

येथें दोन गोष्टी संभाळाव्या. अशा नोंदींतील वेळ पुष्कळदां ग्रीनिचच्या प्रमाणाची असते. तींत साडेपांच तास मिळविल्यावर आपली वेळ येते. ७ तारखेच्या सायंकाळीं सातची नोंद ही आपल्याकडे ८ तारखेची मध्यरात्रीनंतरची साडेबाराची असते, आणि ती भावाच्या ७ तारखेच्या ओळीशीं जोडली तर कार्याच्या आधीं कारण असा उलटा देखावा दिसतो. दुसरें असें कीं, वृत्तसंस्थेची एकच बातमी दहा पत्रें छापतात. त्या दहा बातम्या नव्हेत, एकच आहे.

अशा तक्त्याचें मोल कांदेवाल्यांस सांगावयास नको. ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनें कांद्याची निर्यात दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. ती ४ मे २०२४ रोजीं किमान निर्यातमूल्य टन एकास ५५० डॉलर व शेंकडा ४० निर्यातशुल्क ठेवून उघडली. सप्टेंबर २०२४ मध्यें तें किमान मूल्य काढून शुल्क शेंकडा २० वर आणलें. आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क उठविण्यांत आलें. ह्या चार तारखा एका रकान्यांत व आपल्या बाजाराचे सर्वसाधारण भाव शेजारच्या रकान्यांत मांडले, म्हणजे सरकारी हुकुमाचा परिणाम आपल्या दारापर्यंत किती दिवसांत व किती पोंचला, हें ज्याचें त्यास दिसेल. मात्र हुकुमानंतर भाव हलला म्हणजे हुकुमामुळेंच हलला असें लगेच म्हणूं नये. डिसेंबरांत खरीपाच्या लाल कांद्याची आवकही वाढत असते. म्हणून आवकेचा रकाना शेजारीं ठेवूनच निर्णय करावा. प्रत्येक बातमी मूळ अधिसूचनेशीं ताडून घेतल्यावांचून तक्त्यांत पक्की करूं नये.

९. कोठून आरंभ करावा

सर्व देशाचे भाव मागविण्याच्या भरीस प्रथम पडूं नये. आपलें एक पीक व ज्या तीन-चार बाजारीं आपला माल खरोखर जाऊं शकतो तेवढे बाजार घ्यावे. रोज रात्रीं एकदां मागणी करावी, पावती ताडावी, तारखा तपासाव्या व तक्ता जपून ठेवावा. एक हंगाम हें व्रत पाळलें म्हणजे आपल्या बाजारांची चाल डोळ्यांपुढें उभी राहील. दोन-तीन वर्षांचे तक्ते जमले म्हणजे चाळींतील उन्हाळ कांदा केव्हां काढावा, ह्या प्रश्नास ऐकीव उत्तराऐवजीं आपल्याच दप्तरांतील उत्तर मिळूं लागेल. भाव पुढें काय होईल हें तक्ता सांगत नाहीं. मागें काय झालें तें तो खोटें न बोलतां सांगतो, आणि धनी मनुष्यास निर्णयासाठीं तेवढा आधार पुरे असतो.

हें काम प्रत्येकानें निरनिराळें करण्यापेक्षां गांवच्या सोसायटीनें करावें हें उत्तम. एक शिकलेला तरुण रोज अर्धा तास देईल तर सर्व गांवाचें काम होईल. सोसायटीच्या फळ्यावर रोज सकाळीं तारीख, बाजार, जात, किमान, कमाल व सर्वसाधारण भाव, आणि मिळाल्यास आवक, इतके रकाने खडूनें लिहावे. ज्या बाजाराची नोंद आली नाहीं त्यापुढें 'नोंद नाहीं' असें स्पष्ट लिहावें. फळा वाचून जो गाडी भरील त्यास कोणा एकाच्या शब्दावर विसंबावें लागणार नाहीं, आणि आडत्याशीं बोलतांना त्याच्या हातीं आंकडा असेल. आमचे वाचक ह्या हंगामापासूनच आपल्या गांवीं हा उपक्रम सुरू करतील, अशी आम्हांस आशा आहे.